बाउन्स बॅक बॅच

१६ जून

नवं काम काढलं की मी डायरी लिहायला घेतो आणि काम रुळाला लागलं की सोडून देतो. बोर्ड रंगवायचं बंद करून फ्लेक्सचं मशीन आणलं, तेव्हा चार महिने लिहिली होती. आताचं काम अजून डोक्यातच आहे. डायरी एका पतसंस्थेची, गेल्या वर्षीची. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. चालतंय.

परवा नीटचा निकाल लागला. आमच्या सृष्टीला तीनशे बावन्न. गेल्या साली तीनशे चाळीस होते. उज्वलाला म्हणालो, वाढले की. ती म्हणाली, "या चालीनं गेलं तर तिचं लग्न होऊन तिची लेकरंच नीटला बसतील."

पोरगी लातूरहून आल्यापासून झोपून आहे. दुपारी झोपते, संध्याकाळी उठून अर्धी पोळी खाते, परत झोपते. दोन वर्षांची झोप साठली असणार. झोपू द्या म्हणालो.

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आम्ही सांगतो, लातूरला आहे. नांदेडात एवढं उत्तर पुरतं. पहिल्या वर्षी समोरचा "वा" म्हणतो. दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवतो. तिसऱ्या वर्षी काय करतो ते आता कळेल. नायगावच्या आमच्या लोकांना तर ती डॉक्टरकीलाच आहे असं वाटतं. आम्ही तसं कधी बोललो नाही. त्यांचा समज दुरुस्त केला नाही, एवढंच.

१९ जून

रविकांत सर दुकानात आले होते. फिजिक्सचे. लातूरच्या एका मोठ्या क्लासात होते, तिथं पटलं नाही म्हणून आपल्या गावाकडं आले. भाग्यनगरात हॉल बघितलाय. म्हणाले, फक्त रिपीटरचा क्लास काढू.

"पहिल्यांदा देणाऱ्याला पन्नास क्लास हायेत, मल्लिनाथराव. पडलेल्याला कोण हाय?"

माझा कान असल्या वाक्याला लगेच उभा राहतो. लोकांच्या तोंडून निघालेलं वाक्य उचलायचं आणि दहा बाय वीसवर छापून त्यांनाच विकायचं, यावर माझं घर उभं आहे. मी म्हणालो, बसा, चहा घ्या.

ठरलं ते असं. शिकवायचं त्यांनी, दाखवायचं मी. सृष्टी या बॅचला बसेल, लातूरला परत पाठवायची गरज नाही. एका दगडात दोन कामं. नाव मात्र इंग्रजी पाहिजे, यावर दोघांचं एकमत. मराठी नाव दिलं तर लोकांना उन्हाळी संस्कार वर्ग वाटतो.

सृष्टीला रात्री सांगितलं. ती "बरं" म्हणाली. कटकट नाही, हा तिचा गुण.

२१ जून

मनिषा मॅडमकडं गेलो. ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतात. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी बर्थडेचं स्पेलिंग चुकवलं आणि ते तीन चौकांत झळकलं, तेव्हापासून माझं इंग्रजी छापायच्या आधी त्यांच्या नजरेखालून जातं.

म्हणालो, मॅडम, पडून परत उठलेल्याला इंग्रजीत काय म्हणतात? जरा दणदणीत पाहिजे.

त्या म्हणाल्या, कशातून उठला त्यावर आहे. बेशुद्धीतून शुद्धीवर आला तर कम राउंड. मरणाच्या दारातून वाचला तर पुल थ्रू. हरला, बुडाला, आजारी पडला आणि झटक्यात पहिल्यासारखा झाला, तर बाउन्स बॅक. चेंडूवरून आलंय.

मी तिथंच थांबवलं. बाउन्स बॅक. बी बी. मोठ्या टायपात बघायला छान दिसेल.

"पण एक लक्षात घ्या," त्या म्हणाल्या. "हे उठल्यावर म्हणतात, नाहीतर जवळचा माणूस धीर द्यायला म्हणतो. दोन्हीकडं समोरचा पडला हे बोलणाऱ्याला माहीत असतं. ज्याचं पडणं कुणाला माहीत नाही, त्याला बाउन्स बॅक म्हणणं म्हणजे आधी तो पडला अशी दवंडी देणं."

मी म्हणालो, रिपीटरच आहेत मॅडम, पडलेलेच आहेत सगळे.

"आणि चेंडूला काही करावं लागत नाही. तो रबराचा असतो," असंही त्या म्हणाल्या. शिकवणाऱ्या लोकांना एका प्रश्नाला एक उत्तर देऊन समाधान होत नाही.

रविकांत सरांना फोन केला. ते म्हणाले, चेक बाउन्स झाल्यासारखं वाटणार न्हाई ना? म्हणालो, बॅक लावलंय ना पुढं, काळजी नको.

२५ जून

फ्लेक्सला चेहरा पाहिजे. क्लासच्या फ्लेक्सवर टॉपर लागतात, नव्या क्लासकडं टॉपर कुठून येणार? रविकांत सर म्हणाले, फळा आणि पुस्तकाचं चित्र टाका. फळा बघून आजवर कुणी ॲडमिशन घेतल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

घरचीच पोरगी असताना बाहेर कशाला शोधा. सृष्टीचा हसरा फोटो शोधायला बराच वेळ गेला. शेवटी मावसबहिणीच्या लग्नातला सापडला, अकरावीच्या आधीचा. शेजारच्या करवलीचा हात खांद्यावर होता, तो काढून टाकला. मागं गडद निळा रंग, मध्ये गोल चौकट, चौकटीला सोनेरी पानं. खाली मोठ्या इंग्रजीत बाउन्स बॅक बॅच, त्याखाली बारीक मराठीत पत्ता. मशीनमधून बाहेर आला तेव्हा मीच बघत राहिलो. एवढी मोठी सृष्टी मी कधी बघितली नव्हती.

सकाळी दोन लागले, एक वर्कशॉप कॉर्नरला, एक देगलूर नाक्याला.

तिला सांगायचं राहिलं. आपला फोटो चौकात लागला की माणसाला बरं वाटतं, हे मी वीस वर्षं बघतोय.

२७ जून

सृष्टीला मैत्रिणीनं फोटो पाठवला. तिनं उज्वलाला दाखवला, मला नाही. उज्वला माझ्याशी बोलत नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

सृष्टी आत जाऊन झोपली. मी दारातून म्हणालो, "बाई, लाजतेस काय? रंग बघ कसा उठलाय." 

ॲडमिशनच्या चौकशीचे फोन सुरू झालेत. फ्लेक्स बोलतोय.

२९ जून

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढं कुणी खरं मानणार नाही.

सकाळी आठच्या सुमाराला बाहेरून बायकांचा रडण्याचा आवाज आला. माझ्या कानाला वाटलं, गल्लीत कुणी गेलं. बनियनवर बाहेर आलो तर आमच्याच दारात नायगावची जीप. गुरुपादप्पा काका उतरले, डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतलेला. मागून कस्तुराबाई काकी. काकी उतरल्या त्या थेट पायरीवर बसल्या आणि हेल काढला, "माझे डॉक्टरीणबाय गं! कुठं गेलीस गं सोन्याच्या मोलाची!"

उज्वला धावत आली. काकींनी तिला मिठी मारली आणि तीही रडायला लागली. का रडते ते तिला अजून माहीत नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. समोरची बाई एवढी रडत असताना विचारणार कसं, म्हणे.

काकांनी माझा खांदा धरला. "मल्लिनाथ, कसं झालं बाबा? आमाला फोनबी न्हाई केलास?"

"काका, काय कसं झालं?"

तेवढ्यात सृष्टी आतून आली. तोंडात ब्रश, केस मोकळे. रडणं असं थांबलं, जसं मशीनची लाईट जावी.

काकी तिच्याकडं बघत राहिल्या. जागेवरून उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हाय का गं तू?"

सृष्टीनं ब्रश काढला. "हाव काकी. हाय."

उलगडा असा झाला. काका काल संध्याकाळी एसटीनं नांदेडहून नायगावला चालले होते. देगलूर नाक्याला गाडी जरा हळू झाली आणि त्यांना सृष्टी दिसली, दहा फूट उंच, गडद रंगात, गोल चौकटीत, भोवती पानं. खालचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, मराठी बारीक होतं. ते तरी काय समजणार? आमच्याकडं चौकात माणसाचं एवढं तोंड लागतं ते तीनच वेळा. वाढदिवसाला, निवडीला, नाहीतर गेल्यावर. कॉलेजच्या पोरीचा वाढदिवस चौकात कोण करतं?

"फोन करून विचारायचं नसतं असलं," काका म्हणाले. "म्हणलं पाटंच निघू. मातीला तरी गावंल."

मी त्यांना समजावलं. काका, हा क्लासचा फ्लेक्स आहे, सृष्टी त्या बॅचला आहे.

"कसला कलास? ती डॉक्टर होऊन राहिली ना?"

आता उज्वला माझ्याकडं बघायला लागली आणि मी जीपकडं. बोलली ती सृष्टी. म्हणाली, "न्हाई काकी. दोनदा नापास झाले. मार्कच पडले न्हाईत."

काकींनी तिच्या तोंडाकडं बघितलं. "नापास? एवढंच?"

"एवढंच."

"अगं मेले! मी म्हणलं गेली तू!" असं म्हणून काकींनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला वाजला, आणि तिला कवळ्यात घेऊन परत रडल्या. या वेळी आवाज वेगळा होता.

एक अडचण राहिली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून नायगावहून भाकरी-पिठलं बांधून आणलं होतं, पंधरा-वीस माणसांचं. मयत नाही, मग याचं काय करायचं? काका म्हणाले, घरात न्यायचं न्हाई, अपशकुन हाय. जीपवाला म्हणाला, परतबी नेता येत न्हाई. उज्वला म्हणाली, गायीला घालू. चौघं चार दिशेला बोलत असताना सृष्टी पायरीवर बसली, गाठोडं सोडलं, भाकरी मोडली आणि पिठल्यात बुडवून खायला लागली.

"अगं बाई, तुझ्याच मयताचं हाय ते!" काकी ओरडल्या.

"भूक लागली, काकी. मिरची लई मस्त लागलीय."

काका आधी हसले. मग सगळेच. सृष्टी एवढी हसली की तिला ठसका लागला. दोन भाकरी खाल्ल्या. शेवटी सगळ्यांनी पायरीवरच बसून खाल्लं. काकींनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, म्हणाल्या.

जाताना सृष्टीला आठ दिवस नायगावला घेऊन गेल्या. ती हो म्हणाली याचं मला नवल वाटलं.

माझ्या लक्षात आलेली चूक: गोल चौकट आणि गडद निळा रंग. पुढच्या वेळी पिवळा घ्यायचा.

३ जुलै

घर शांत आहे. उज्वला बोलायला लागली, पण कामापुरतं. नायगावला फोन केला तर काकी म्हणाल्या, पोरगी पाटं उठून माझ्यासंग मळ्यात येते. मी म्हणालो, एवढ्या लवकर उठते? लातूरला तर अलार्म लावूनही उठत नव्हती, रूमच्या मालकीणबाईंची तक्रार होती. हवापालट मानवला असेल.

बॅच सात तारखेला सुरू होते. काकींना सांगितलं, पाठवून द्या. फ्लेक्सवरची पोरगी बॅचमध्ये दिसली नाही तर लोक आम्हाला खोटं म्हणतील.

१२ जुलै

बॅच सुरू झाली. बाकडी अजून बरीच रिकामी, पण रविकांत सर रिकाम्या बाकड्यांकडं बघून सुद्धा जीव तोडून शिकवतात. माणूस सोन्यासारखा आहे.

सृष्टी पहिल्या बाकड्यावर असते. पालक आले की मी तिला बाहेर बोलावतो. आज भोकरहून कोंडाबाई नावाच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी पुनम, एकदा देऊन झालेली. बाईंनी सृष्टीला खालीवर बघितलं.

"तूच का गं ती नाक्यावरची? फोटोत भरलेली दिसतीस. तिसऱ्यांदा बसून राहिली ना? हिंमत हाय बाई. पुनमे, बघ जरा, शिक काही."

मग त्या माझ्याशी वेळा आणि सुट्ट्या बोलायला लागल्या. दोन्ही पोरी दाराशी उभ्या होत्या. हळू बोलत होत्या, पण मला ऐकू येतं. सृष्टीनं विचारलं, "झोप लागती का तुला?"

"लई लागती," पुनम म्हणाली. "उठूच वाटत न्हाई."

"मलाबी तसंच होतं. तुझ्या आईला सांगितलंस?"

"काय सांगू? आळशी म्हणती."

एवढ्या वेळात अभ्यासाचं बोलल्या असत्या तर काही तरी निघालं असतं. हल्लीच्या पोरींना झोप प्यारी. पुनमची ॲडमिशन झाली.

घरी येताना गाडीवर सृष्टी मागं बसली होती. आयटीआयच्या सिग्नलला म्हणाली, "पप्पा, उद्यापासून मी येणार न्हाई."

"का? सर चांगलं शिकवत नाहीत?"

"लई चांगलं शिकवतात. मला डॉक्टर व्हायचं न्हाई."

"मग काय व्हायचंय?"

"अजून म्हाईत न्हाई."

मी म्हणालो, हे बघ, माहीत नसलेल्या गोष्टीसाठी माहीत असलेली सोडत नसतात. सिग्नल सुटला. पुढच्या चौकात मी म्हणालो, नाक्यावर तुझा फोटो आहे, लोक काय म्हणतील? बॅचचं काय होईल? सरांनी सगळं यावर लावलंय.

ती अगदी धंद्याच्या माणसासारखं बोलली. "फोटो राहू द्या, पप्पा. मला सोडा."

१३ जुलै

विचार केला तर सौदा वाईट नाही. पालकांना हवा असतो चेहरा, तो आहे. सरांना सांगेन, तब्येत बरी नाही. उज्वला म्हणाली, "झालं का समाधान?" मी म्हणालो, तुझं पण झालं ना? तिनं ताट उचललं.

१५ जुलै

हल्ली दुकानाला हिंगोली गेटवरून जातो. वर्कशॉप कॉर्नरचा रस्ता खराब झालाय. लांब पडतं, पण पाठीला बरं.

१६ जुलै

एका वाढदिवसाचं इंग्रजी तपासायला मनिषा मॅडमकडं गेलो होतो. निघता निघता विचारलं, मॅडम, समजा एखाद्याला परत त्याच जागी जायचंच नाही. तर तो बाउन्स बॅक झाला असं म्हणता येतं का?

"नाही. बॅक म्हणजे जिथं होता तिथं, जसा होता तसा. तिकडं जायचंच नसेल तर गेट ओव्हर म्हणायचं. झालं ते ओलांडून पुढं निघाला."

"ओलांडून कुठं?"

"ते शब्दात नाही, मल्लिनाथराव. काय ओलांडलं एवढंच आहे."

हा शब्द फ्लेक्सवर चालायचा नाही. कुठं ते सांगितल्याशिवाय कोण ॲडमिशन घेणार?

मॅडमनी कुणाबद्दल ते विचारलं नाही. चहा मात्र नेहमीपेक्षा जास्त आग्रहानं पाजला.

२० जुलै

सृष्टीचं सामान आणायला लातूरला गेलो. दोघंच. वाटेत ती गाडीत झोपली नाही, मला नवल वाटलं. अहमदपूरला दोन चहा घेतले. काकींच्या मळ्यातल्या सोयाबीनचं सांगत होती, पिवळं कशानं पडलंय ते. मी हं हं म्हणत होतो. दोन वर्षांत ती एवढं सलग माझ्याशी बोलल्याचं आठवत नाही, आणि विषय काय तर सोयाबीन.

ट्यूशन एरियात तिची रूम तिसऱ्या मजल्यावर. एका लांब बोळात दहा-बारा दारं. पुरुषांना आत येऊ देत नाहीत, म्हणून मालकीणबाईंनी मला जिन्यात खुर्ची दिली. सृष्टी आत भरत होती. दिवेलागण झाली, क्लास सुटले, पोरी भराभर वर आल्या आणि एकेक दार लागलं. मग फोन सुरू झाले. बहुतेक ही सगळ्यांची घरी बोलायची वेळ.

दारं पातळ आहेत. मला ऐकायचं नव्हतं, पण माझे कान मला विचारत नाहीत.

पहिल्या दारातून, "हाव पप्पा, चांगलं चालू हाय. हाव, जेवले." ही उदगीरकडची, बोलण्यात कानडीचा हेल. दुसऱ्या दारातून, "हो बाबा, चांगलं चाललंय. टेस्ट? बरी गेली." परभणीची असावी. त्याच्या पुढची देगलूरची, "चांगलं हाय पप्पा. न्हाई, आवाज असाच हाय, सर्दी झालीय." सगळ्यांचा सूर एकच. वरच्या पट्टीत सुरू व्हायचा, "हाय" पाशी थोडा ओढलेला, आणि फोन ठेवला की आत काहीच आवाज नाही. भांडं नाही, पान उलटल्याचा नाही. देगलूरच्या दाराआड पलंग करकरला, तेवढाच.

हा सूर मला पाठ आहे. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी तो दुकानात, मशीनच्या आवाजात ऐकलाय. फोन ठेवून उज्वलाला सांगायचो, पोरगी खूश आहे.

खुर्चीवरून उठलो. जिन्यात खाली गेलो, परत वर आलो. मग नांदेडला दुकानात फोन लावला. शिवलिंगनं उचलला, तो फ्लेक्स चढवायचं-उतरवायचं बघतो.

म्हणालो, दोन्हीकडचे उतरव.

"कोणचे, साहेब?"

"आपल्या सृष्टीचे."

"आजून म्हैनाभर जागा आपली हाय की. आन् सर इचारतील."

"सरांना मी सकाळी सांगतो. आजच उतरव. आणि हे बघ, बाकीच्या जुन्या फ्लेक्ससारखे कडबा झाकायला कुणाला देऊ नको. नीट गुंडाळून ठेव."

फोन ठेवला तर सृष्टी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं पुस्तकांचं खोकं दाराबाहेर ओढत होती. कधीपासून उभी होती माहीत नाही. तिचे कान माझ्यासारखेच आहेत.

तिनं खोक्याची एक बाजू उचलली.

"पप्पा, खालून धरा. वरून धरलं की तळ सुटतो याचा."

मी खालून धरलं. उलट्या पायांनी एकेक पायरी उतरत होतो, आणि ती वरून सांगत होती, "अजून एक हाय. हां. आता वळा."